सबवूफर कोपऱ्यात ढकलण्याआधी या चुका टाळा

परभणीच्या दाजींनी दिवाळीत सबवूफर, म्हणजे खर्जाचे खालचे सूर वाजवणारी स्पीकरची पेटी, घेतला. हॉल दहा बाय बारा फुटांचा, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. टीव्हीजवळच्या कोपऱ्यात प्लग होता, म्हणून पेटी तिथंच बसली. आठ दिवसांत फोन आला. "स्वयंपाकघरात भांडी वाजायलीत, अन् मला खुर्चीत बेस ऐकू येईना. दुकानदार म्हणतो, याच्यापेक्षा मोठा घ्या."

मी म्हणालो, "दाजी, सध्या एक रुपयाही खर्चू नका. रविवारी येतो."

पेटी चांगली होती, जागा चुकली होती. अशा तक्रारीत मी आधी जागाच बघतो.

सोयीचा कोपरा

कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खर्जाला जोर देतात, म्हणून दुकानात "कोपऱ्यात ठेवा" असंच सांगतात. आवाज वाढतो हे खरं, पण सगळे सूर सारखे वाढत नाहीत. खोलीच्या मापाप्रमाणे काही ठरावीक सूर फुगतात आणि कोपऱ्यातून ते सर्वांत जास्त फुगतात. हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागा. बारा फुटांना ४७ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं) येतात, दहा फुटांना ५६. खोली चौरस असेल तर दोन्ही आकडे एकच येतात आणि तो एक सूर दुप्पट छळतो.

शेजाऱ्याची जागा बघून आपली ठरवू नका. पत्र्याच्या छतातून खर्ज बराचसा बाहेर निसटतो, स्लॅबच्या खोलीत तो आतल्या आत फिरत राहतो.

खुर्ची मधोमध

दाजींची खुर्ची समोरच्या आणि मागच्या भिंतीपासून सहा-सहा फुटांवर, बाजूच्या भिंतींपासून पाच-पाच. बरोबर मध्यावर. भिंतीलगत जे सूर फुगतात, तेच तिथं जवळजवळ नाहीसे होतात. ४७ गेला, ५६ही गेला. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. म्हणजे दाजींच्या आवडत्या जुन्या गाण्यांत एक सूर यायचा आणि पुढचा गायब. ते आवाज वाढवत गेले, तो भिंतीकडेच वाढला आणि ताईची भांडी वाजली.

असा खड्डा इक्वलायझरनं, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करायच्या बटणांनी, भरत नाही. तिथं जितका आवाज पाठवाल, तितकाच परतून त्याला खोडतो, अँप्लिफायर मात्र उगाच दमतो.

मग आम्ही उलटं केलं. दाजींची खुर्ची दीड फूट मागं सरकवली, पेटी उचलून तिच्यात ठेवली, बेस गिटार ठळक असलेलं एक गाणं सतत चालू ठेवलं आणि मी फरशीवर रांगत भिंतीकडेनं निघालो, कान पेटीच्या उंचीवर ठेवून. शोकेसखाली नुसता गदारोळ. दारापाशी पोकळ. बाजूच्या भिंतीला, कोपऱ्यापासून चारेक फुटांवर, प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या वजनाचा ऐकू आला. तिथं खडूनं खूण केली. पेटी आणि कान यांची अदलाबदल केली तरी त्या दोन जागांमधला खर्ज तसाच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. पेटी खुणेवर गेली. दाजी बसले, दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आता गिटार दिसायलाय बघा."

बटणांची घाई

जागा ठरल्यावरच बटणांना हात लावा. क्रॉसओव्हर म्हणजे ज्या सुराच्या खालचा आवाज सबवूफर वाजवतो ती हद्द. सुरुवात ८० हर्ट्झनं करा. त्याच्या फार वर गेलात तर आवाज पेटीतून येतोय हे कानाला कळायला लागतं. फेजचं बटण (सबवूफरचा आवाज बाकीच्या स्पीकरांशी जुळवणारं) ० आणि १८० मध्ये दुसऱ्या कुणाला फिरवायला सांगा, तुम्ही खुर्चीत बसून ऐका. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ज्यात भरीव वाटेल ते ठेवा. पेटीच्या मागे भोक असेल तर भिंतीपासून किमान वीतभर अंतर सोडा.

गुणगुण आणि खडखड

एकसारखी "हूंऽऽ" येत असेल तर सिग्नलची वायर काढून बघा. थांबली, तर दोष वायरीच्या वाटेनं येतोय. अँप्लिफायर आणि सबवूफर एकाच बोर्डावर लावा, केबल टीव्हीची वायर काढून पुन्हा ऐका. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. गुणगुण गेली तरी झटक्याचा धोका घरात राहतो.

खडखड शोधायला मोबाइलवरून सबवूफरवर २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि दुसऱ्यानं वस्तूंवर हात ठेवत फिरावं. दाजींकडे शोकेसची काच सापडली, तिच्या खाचेत कागदाची घडी बसवली. मांडणीवरची पितळी परात ४७ला अजून थोडी बोलत होती. ताईनं ती उतरवून पिठाच्या डब्यावर पालथी घातली.