गाडीत अॅम्प बसवताना आधी वायरिंग पाहा
भाऊ, बोलेरोत अॅम्प (स्पीकरले ताकद देणारा अॅम्प्लिफायर) अन् इक्वलायझर (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा डबा) लावाचा असंन तं पहिले बॅटरीचा मायनस काढून ठेवा. अॅम्पचा करंट स्टिरिओच्या वायरीतून घेऊ नका, सरळ बॅटरीच्या प्लसवरून तांब्याची जाड वायर आणा अन् बॅटरीपासून वीतभरावरच फ्यूज टाका, कारण मधात कुठं वायर घासून बॉडीले टेकली तं तो फ्यूजच गाडी जळण्यापासून वाचवते, मिस्त्री घाईत असला तरी समोर उभं राहून हे करूनच घ्या. अॅम्पची अर्थिंग, म्हणजे मायनसची वायर, गाडीच्या बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, घट्ट. इक्वलायझर स्टिरिओ अन् अॅम्पच्या मधात येते, त्याच्या आरसीए वायरी (गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या) पॉवर वायरीच्या दुसऱ्या बाजूनं न्या, नाहीतर रेस दिली का स्पीकरमधून कुंईं आवाज येते. अॅम्पवरचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवाचा ते ठरवणारं बटन) म्हणजे व्हॉल्यूम नाही, तो वाढवताना आवाज फाटायच्या आधीच थांबा, अन् इक्वलायझरचे सगळे बटन वर चढवण्यापेक्षा जे जास्त वाजते तेच कमी करा, गाणं मोकळं ऐकू येते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जाते, म्हणून अॅम्प मॅटखाली दाबू नका, सीटखाली हवा लागंन असा ठेवा.