महाविद्यालयीन लॅक्रॉस संघाचा आढावा आणि पुढच्या हंगामाचा अंदाज लिहिताना या चुका टाळा

2022 च्या मे महिन्यात अमेरिकेतील लॅक्रॉसच्या, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलून-फेकून गोल करण्याच्या खेळाच्या, राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेसाठी पुरुषांच्या 18 संघांची यादी जाहीर झाली, तेव्हा इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठाचा संघ तीत नव्हता. त्या हंगामात त्यांचे 8 विजय आणि 4 पराभव झाले होते. पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, याच विद्यापीठाने अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाला 13-9 असे हरवून आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 2024 मध्ये मेरिलंडविरुद्ध 15-5 असा विजय मिळवून ते राखले. हंगाम संपल्यावर आढावा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही 3 वर्षे समोर ठेवावीत, असे मला मनापासून वाटते. कारण आढाव्यातल्या बहुतेक चुका या एका उदाहरणातून दिसतात.

नोंद वाचणे म्हणजे संघ वाचणे नव्हे

8-4 ही नोंद उलगडून पाहिली, तर पहिल्या 6 सामन्यांत 4 पराभव आणि त्यानंतर सलग 6 विजय असे चित्र दिसते. म्हणजे हंगामाच्या शेवटी मैदानावर असलेला संघ सुरुवातीच्या संघापेक्षा निराळा होता. त्यांच्या गटात (आपसांत नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या 'कॉन्फरन्स'मध्ये) त्या वेळी केवळ 5 संघ होते आणि गटविजेत्याला स्पर्धेत थेट प्रवेश नव्हता, त्यामुळे सारे काही निवड समितीच्या मतावर अवलंबून राहिले. अशा संघाबद्दल 'स्पर्धेत स्थान मिळवण्यात अपयश' एवढेच लिहून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला, तर पायाच चुकतो. ड्यूकचेही तसेच झाले होते. 2013 मध्ये त्यांनी 2 विजय आणि 4 पराभवांनी सुरुवात केली आणि मे महिन्यात तेच राष्ट्रीय विजेते ठरले. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि नियमित सामने साधारण 13 ते 15 असतात. इतक्या थोड्या सामन्यांत एका गोलाने गेलेले 2 सामने नोंदीचा चेहरा बदलून टाकतात. म्हणून आढाव्यात नोंद महिन्यावार मांडावी, प्रतिस्पर्ध्यांची ताकद शेजारी लिहावी आणि एका गोलाचे निकाल वेगळे काढून दाखवावेत.

गोल मोजले जातात, ताबा मोजायचा राहून जातो

ही सर्वांत मोठी चूक आहे. लॅक्रॉसमध्ये प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मध्यावर येतो आणि दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूमध्ये फेसऑफ, म्हणजे तो चेंडू मिळवण्याची झटापट, होते. फुटबॉलमध्ये गोल झाल्यावर चेंडू आपोआप दुसऱ्या संघाकडे जातो, येथे मात्र गोल करणारा संघच फेसऑफ जिंकून पुन्हा आक्रमणाला जाऊ शकतो. 2013 च्या अंतिम सामन्यात सिराक्यूजने ड्यूकवर 5-0 अशी आघाडी घेतली होती, पण शेवटी ड्यूक 16-10 असे जिंकले. त्या सामन्यात 26 गोल झाले. त्यात 4 चतुर्थांशांच्या सुरुवातीचे फेसऑफ मिळवले की एकूण संख्या 30 च्या घरात जाते. त्यांपैकी 28 ब्रेंडन फाउलर या एकट्या ड्यूकच्या खेळाडूने घेतले आणि 20 जिंकले. केवळ धावफलक पाहणारा लिहील की ड्यूकचे आक्रमण बहरले. खरे तर सिराक्यूजच्या आक्रमकांच्या काठीत चेंडूच पोहोचत नव्हता.

म्हणूनच 'सरासरी 12 गोल' हे वाक्य अपुरे आहे. चेंडू संघाकडे आल्यापासून जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक ताबा. 30 ताब्यांत 12 गोल करणारा संघ आणि 40 ताब्यांत 12 गोल करणारा संघ यांत पहिल्याची कार्यक्षमता 40 टक्के आहे, दुसऱ्याची 30. पहिल्याला अधिक चेंडू हवा, दुसऱ्याला चांगले नेम हवेत. दोघांचा पुढच्या हंगामासाठीचा सराव वेगळा असायला हवा. ताब्यांची संख्या तयार मिळत नसेल, तर जिंकलेले फेसऑफ, बचावातून चेंडू वर नेण्याचे प्रयत्न आणि प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या अर्ध्यात गमावलेले चेंडू यांची बेरीज करून ती जवळपास काढता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याखेरीज आक्रमणाविषयी लिहिलेले काहीही टिकत नाही.

गोलरक्षकाच्या बाबतीतही हाच दोष आढळतो. 'त्याने 15 चेंडू अडवले' असे लिहिले जाते, पण किती आत गेले हे लिहिले जात नाही. अडवलेले चेंडू भागिले अडवलेले अधिक झालेले गोल, एवढे साधे गणित आहे. 2023 च्या अंतिम सामन्यात नोटर डेमच्या लियम एन्टनमनने 18 चेंडू अडवले आणि 9 गोल झाले, म्हणजे 27 पैकी 18, दोन तृतीयांश. 50 टक्क्यांच्या वर गेलेला गोलरक्षक चांगला मानला जातो, त्यामुळे त्या दिवशीची कामगिरी विलक्षण होती, आणि विलक्षण कामगिरीलाच पुढच्या वर्षीची सरासरी धरून चालणे ही आणखी एक चूक ठरते.

कोण गेले, कोण परतले

अंदाजात बहुधा गेलेल्या खेळाडूंचे गोल वजा केले जातात आणि उरलेल्यांचे तसेच ठेवले जातात. पण चेंडू कुणाकडे तरी जाणारच. प्रमुख आक्रमक गेल्यावर प्रतिस्पर्धी आपला उत्तम बचावपटू दुसऱ्यावर ठेवतो, म्हणून परतणाऱ्यांचे आकडे जसेच्या तसे पुढे नेता येत नाहीत.

वर्षांच्या गणनेतही फसगत होते. 2020 चा हंगाम मार्चमध्ये करोनामुळे थांबला आणि वसंत ऋतूतील खेळांच्या खेळाडूंना खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष वाढवून मिळाले. कॉर्नेल ज्या गटात आहे त्या आयव्ही लीगने तर 2021 चा हंगामही रद्द केला. त्यामुळे 2022 मध्ये अंतिम सामन्यात मेरिलंडकडून 7-9 असे हरलेल्या कॉर्नेलच्या अनेक खेळाडूंचे शैक्षणिक वर्ष आणि प्रत्यक्ष खेळलेले हंगाम यांत मोठी तफावत होती. 'अनुभवी संघ' म्हणताना वर्ग पाहू नये, खेळलेले सामने पाहावेत. त्या अंतिम सामन्यात खेळलेला सीजे कर्स्ट 2025 मध्येही कॉर्नेलकडे होता. त्या वर्षी त्याने अंतिम सामन्यात 6 गोल केले आणि कॉर्नेलने 1977 नंतर प्रथमच विजेतेपद मिळवले. 2018 पासून सुरू असलेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूंना विद्यापीठ बदलण्यासाठी नाव नोंदवता येणाऱ्या यादीमुळे) जूनमध्ये लिहिलेली खेळाडूंची यादी ऑगस्टपर्यंत शिळी होते, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या हंगामांशी तुलना करताना नियम तपासावेत. 2019 पासून 80 सेकंदांचा शॉट क्लॉक (गोलच्या दिशेने फटका मारण्यासाठीची वेळमर्यादा) आहे, त्यामुळे चेंडू दाबून ठेवून कमी गोलांचे सामने खेळण्याची जुनी पद्धत जवळजवळ संपली. 2021 पासून फेसऑफ गुडघा न टेकता घ्यावा लागतो, म्हणून त्याआधीच्या विशेषज्ञांचे विक्रम आजच्या खेळाडूंसमोर ठेवणे अन्यायाचे आहे. महिलांच्या लॅक्रॉसमध्ये फेसऑफऐवजी ड्रॉ नावाची वेगळी पद्धत असते आणि संपर्काचे नियमही वेगळे आहेत. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात कधीही मिसळू नयेत.

अंदाज चुकला तर

2025 च्या हंगामापूर्वी नोटर डेम क्रमवारीत अव्वल होते, पण उपउपांत्य फेरीत पेन स्टेटने त्यांना बाहेर काढले. अशा वेळी 'खेळ अनिश्चित असतो' असे लिहून मोकळे होऊ नये. आधी फेसऑफचे प्रमाण पाहावे, मग गोलरक्षकाची टक्केवारी, मग ताब्यामागचे गोल. तिन्ही अंदाजाप्रमाणे असून निकाल उलटे असतील, तर एका गोलाच्या सामन्यांत दैव आड आले असण्याची शक्यता अधिक, आणि अंदाज बदलण्याची घाई नको. एखादा आकडा ढासळलेला असेल, तर त्या जागी नवा खेळाडू आला आहे का, की दुखापत आहे, हे शोधावे. शरद ऋतूतील सराव सामन्यांवर मात्र यांपैकी काहीच ठरवू नये, कारण तेथे प्रशिक्षक गोलरक्षक अदलून-बदलून पाहतात आणि धावफलकाला फारसे महत्त्व नसते. मार्चच्या मध्यापर्यंत साधारण 6 सामने झालेले असतात. तेव्हा जानेवारीत लिहिलेला अंदाज काढून हे 3 आकडे त्याच्या शेजारी लिहावेत आणि जे परिच्छेद खोटे ठरले असतील ते पुन्हा लिहावेत.