समुद्री शेवाळ आणि गोळ्यांमधून आयोडीन घेताना: मोजमाप, पद्धत आणि कुठे थांबायचं

प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. एका ग्रॅमचे साडेसहा हजारांहून जास्त भाग केले तर त्यातला एक भाग. निरोगी प्रौढाच्या शरीरात एकूण १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि त्यातलं बहुतेक थायरॉइड ग्रंथीतच साठवलेलं असतं. त्यामुळे चार दिवस कमी मिळालं तरी ग्रंथी साठ्यावर काम भागवते. याउलट एका दिवसात वीसपट मिळालं तर ते तिला सोसेलच असं नाही. समुद्री शेवाळ आणि सप्लिमेंट वापरताना बहुतेक चुका जास्तीच्या बाजूने होतात, म्हणून इथे भर मोजण्यावर आहे.

आधी सध्याचा हिशेब मांडा

मिठापासून सुरुवात करा. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का ते पाहा आणि प्रमाण दिलं असेल तर तेही वाचा. ३० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात ३० मायक्रोग्रॅम. दिवसाला ५ ग्रॅम मीठ पोटात जात असेल तर हिशेबाने १५० मायक्रोग्रॅम होतात. शिजवताना साधारण पाचवा हिस्सा जातो असं धरा, म्हणजे हातात १२० राहतात. मिठाचा डबा घट्ट झाकणाचा, कोरडा आणि उन्हापासून दूर ठेवला तर आयोडीन टिकतं. सैंधव किंवा साध्या समुद्री मिठात वरून आयोडीन घातलेलं नसेल तर त्यातून जवळपास काहीच मिळत नाही. तयार खाद्यपदार्थांत मीठ भरपूर असलं तरी ते आयोडीनयुक्त असेलच असं नाही.

मग दूध, दही, अंडी आणि समुद्री मासे पाहा. एका अंड्यात साधारण २५ ते ३० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. दुधातलं प्रमाण जनावराच्या चाऱ्यावर आणि दूध काढताना वापरलेल्या जंतुनाशकावर अवलंबून असल्याने बरंच बदलतं, पण एका पेल्यातून पन्नासच्या वर सहज मिळू शकतं. आयोडीनयुक्त मीठ आणि यांपैकी एक-दोन गोष्टी रोज पोटात जात असतील, तर बहुतेक प्रौढांना वेगळं काही घ्यायची गरज नसते. कमतरतेची शक्यता खरी असते ती आयोडीनविरहित मीठ वापरणाऱ्यांत, दूध-अंडी-मासे काहीच न खाणाऱ्यांत आणि गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रियांत.

शेवाळ निवडताना

‘समुद्री शेवाळ’ या एका नावाखाली आयोडीनच्या दृष्टीने अगदी वेगळे पदार्थ येतात. नोरीत, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांना लावतात त्या पातळ काळपट पानात, एका ग्रॅममागे साधारण १६ ते ४० मायक्रोग्रॅम असतात. पूर्ण आकाराचं एक पान अडीच ते तीन ग्रॅमचं धरलं तर एका पानातून ४० ते १२० मायक्रोग्रॅम. वाकामेत, म्हणजे सूपमध्ये घालतात त्या हिरव्या शेवाळात, ग्रॅममागे साठपासून दीडशेच्या आसपास मिळतात. कोम्बू (सूपला चव आणणारं जाड, तपकिरी शेवाळ) आणि इतर केल्प, म्हणजे मोठ्या तपकिरी शेवाळांच्या, जातींत मात्र ग्रॅममागे दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम ही सामान्य गोष्ट आहे, आणि केल्पच्या प्रक्रिया केलेल्या दाण्यांत ग्रॅममागे आठ हजारांच्या वर आकडा मोजला गेला आहे. नखाएवढा एक ग्रॅमचा कोम्बूचा तुकडा दहा-बारा दिवसांची गरज एका घासात भागवतो.

एकाच जातीतही प्रमाण पाण्यानुसार, ऋतूनुसार आणि पानाच्या वयानुसार बदलतं. म्हणून आमची शिफारस सरळ आहे: आयोडीनसाठी शेवाळ खायचंच असेल तर नोरी घ्या. दिवसाआड एक पान, तेही मिठातून आणि दुधातून पुरेसं मिळत नसेल तर. पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात कोरडं ठेवा. दमट जागेत शेवाळातलं आयोडीन हळूहळू उडून जाऊ शकतं.

वाकामे वापरताना ते कोरडं असतानाच वजन करा, भिजल्यावर ते कित्येक पट फुगतं आणि अंदाज चुकतो. एका वेळी माणशी एक ते दोन ग्रॅम पुरे. साध्या स्वयंपाकाच्या काट्यावर एवढं वजन नीट दिसत नाही; ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो.

कोम्बू चवीसाठी वापरत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आयोडीन पाण्यात उतरतं. कोम्बू भरपूर पाण्यात १५ मिनिटं उकळला तर त्यातलं बहुतेक आयोडीन पाण्यात जातं. ते पाणी ओतून दिलं तर उरलेला तुकडा बराच सौम्य होतो. पण कोम्बूचं सूप करतात तेव्हा नेमकं ते पाणीच आपण पितो. तुकडा काढून टाकला म्हणून सूप निर्धोक होत नाही, ही फार वेळा होणारी गल्लत आहे. २००९ साली ऑस्ट्रेलियात कोम्बू घातलेलं एक सोयादूध बाजारातून परत मागवावं लागलं, कारण ते रोज पिणाऱ्यांच्या थायरॉइडमध्ये बिघाड आढळले. कोम्बूचं सूप कधीतरी ठीक आहे, रोजच्या आहारात नको. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात तर टाळाच: प्रसूतीनंतर शेवाळाचं सूप भरपूर पिणाऱ्या मातांच्या तान्ह्या बाळांचं थायरॉइड मंदावल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

हिजिकी हे काळं, काड्यांसारखं शेवाळ पूर्ण वगळा. त्यात असेंद्रिय आर्सेनिक (आर्सेनिकचं जास्त विषारी रूप) जास्त असतं आणि भिजवून-उकळूनही ते पूर्ण जात नाही. किनाऱ्यावरून स्वतः गोळा केलेलं शेवाळही औषध म्हणून खाऊ नका, कारण शेवाळ पाण्यातले जड धातूही तितक्याच तत्परतेने शोषून घेतं.

गोळी घ्यायची असेल तर

आहारातून भागत नसेल तर पोटॅशियम आयोडाइडची, १५० मायक्रोग्रॅम आयोडीन देणारी गोळी हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. तिच्यात किती आयोडीन आहे ते शेवाळासारखं बदलत नाही. लेबलवरचा आकडा आयोडीनचा आहे की पोटॅशियम आयोडाइडचा, हे तपासा. पोटॅशियम आयोडाइडच्या वजनात ७६ टक्के आयोडीन असतं, म्हणून १५० मायक्रोग्रॅम आयोडीनसाठी १९६ मायक्रोग्रॅम पोटॅशियम आयोडाइड लागतं. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांतली गल्लत हजारपटीची असते, ते अक्षर दोनदा वाचा. मल्टिव्हिटॅमिन आधीच घेत असाल तर त्यातही बहुधा १५० असतात; मग वेगळी गोळी नको.

केल्पच्या गोळ्या घेऊ नका. लेबलवर एक आकडा आणि आत दुसराच, हा प्रकार त्यांत वारंवार आढळतो. १२.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्या रोजच्या गरजेच्या ८३ पट आहेत. ५ टक्क्यांच्या ल्युगोल द्रावणाच्या (आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइड पाण्यात विरघळवलेलं औषध) एका थेंबातही सहा मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक उपचारांसाठी असतं, रोजच्या पोषणासाठी नाही. १३० मिलिग्रॅमच्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या किरणोत्सर्गी अपघातासाठी ठेवलेल्या असतात. जखमेवर लावायचं आयोडीन तर कधीच पोटात घेऊ नका.

प्रौढांसाठी सुरक्षित कमाल मर्यादा अमेरिकेत दिवसाला ११०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपात ६००. ही आहार आणि गोळ्या मिळून एकूण मर्यादा आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलाची गरज ९० आणि अमेरिकी मर्यादा ३००, म्हणून मोठ्यांची गोळी मुलांना अर्धी करून देऊ नका.

गरोदरपणात गरज २२० ते २५० पर्यंत वाढते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनचा सल्ला असा आहे की, गर्भधारणेचा विचार असलेल्या, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन घ्यावं, शक्यतो गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून. थायरॉइडचे उपचार चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. धूम्रपानामुळे आईच्या दुधातलं आयोडीन कमी होतं, हेही लक्षात असू द्या.

जास्त झालं तर काय होतं

ग्रंथीत अचानक खूप आयोडीन आलं की ती हार्मोन तयार करणं तात्पुरतं थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत आयोडीन आत ओढणंच कमी करते आणि काम पुन्हा सुरू होतं. हाशिमोटो आजार (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो) असलेल्यांची ग्रंथी बऱ्याचदा या स्थितीतून बाहेर येत नाही आणि हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडचं मंदावणं, वाढतो. गर्भातल्या बाळाची ग्रंथीही यातून सावरण्याइतकी तयार नसते. उलट, ज्यांच्या ग्रंथीत जुन्या गाठी आहेत किंवा जे वर्षानुवर्षं कमतरतेत राहिले आहेत, त्यांच्यात जास्तीच्या आयोडीनमुळे हार्मोन बेसुमार वाढू शकतो: धडधड, हात कापणं, घाम, वजन उतरणं. उतारवयात यातून हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो.

म्हणून हाशिमोटो, ग्रेव्ह्ज (थायरॉइड जास्त काम करू लागते तो आजार), थायरॉइडच्या गाठी, लिथियम (मनोविकारावरचं औषध) किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांवरचं औषध) चालू असणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेवाळ वा गोळी सुरू करू नका. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतच ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार ठरला असेल तर त्याआधी एक-दोन आठवडे आयोडीन दिवसाला ५० मायक्रोग्रॅमखाली आणायला सांगतात. शेवाळ तेव्हा पूर्ण बंद.

हायपोथायरॉइडिझम म्हणजे आयोडीन कमी, असं समीकरण मांडू नका. जिथे आयोडीन पुरेसं मिळतं तिथे त्याचं सर्वांत मोठं कारण हाशिमोटो हेच असतं, आणि तिथे लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, लागतं. ती गोळी बंद करून शेवाळ सुरू करणं धोक्याचं आहे. मल्टिव्हिटॅमिन घेणार असाल तर लेव्होथायरॉक्सिननंतर चार तासांनी घ्या. त्यातलं लोह आणि कॅल्शियम औषध शोषू देत नाहीत.

तपासणी

त्वचेवर आयोडीनचा डाग लावून तो किती वेळात उडतो ते पाहणं, ही कमतरतेची तपासणी नव्हे. लघवीच्या एका नमुन्यावरूनही एका व्यक्तीबद्दल ठाम काही सांगता येत नाही, कारण आकडा काल काय खाल्लं त्यानुसार हलतो. ती चाचणी लोकसमूहांसाठी आहे. आयोडीन सुरू करण्याआधी टीएसएच आणि फ्री टी-४ या थायरॉइडच्या रक्तचाचण्या करा, हाशिमोटोची शंका असेल तर टीपीओ अँटिबॉडीची चाचणीही. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर अहवाल चुकीचा येऊ शकतो. आयोडीन सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. मधल्या काळात गळ्याला सूज, धडधड, किंवा आधी नसलेला थकवा आणि थंडी वाजणं सुरू झालं तर गोळी आणि शेवाळ दोन्ही थांबवा, आणि किती दिवस, किती प्रमाणात घेतलं ते लिहून डॉक्टरांकडे न्या.