एक जुनी सुती साडी, बाळाची गोधडी आणि नाचणीचे मोड

बाळ सहा महिन्यांचे होण्याच्या सुमारास घरात दोन कामे एकदम उभी राहतात. ते पालथे पडून कोपरांवर सरकू लागते, म्हणून जमिनीवर अंथरायला मऊ, पण जागेवर बसून राहणारे काही हवे असते. आणि आईच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करायचे असल्यामुळे स्वयंपाकघरात त्याच्यापुरती वेगळी तयारी लागते. हाताने शिवलेली गोधडी आणि मोडाच्या नाचणीचे पीठ ही त्यावरची जुनीच उत्तरे आहेत. तान्ह्या मुलाच्या आईने ही दोन कामे निवडावीत असे मला वाटते, ते मुख्यतः एका कारणासाठी: दोन्ही कामे कोणत्याही क्षणी खाली ठेवता येतात. पाक एकतारी होत असताना बाळ उठले तर पाक तरी बिघडतो किंवा बाळ तरी रडते. गोधडीचा टाका मात्र चार दिवसांनी उचलला तरी तिथेच असतो, आणि नाचणीचे मोड आपले आपण येत राहतात.

दोन्ही कामांना मिळून एक सहावारी सुती साडी पुरते. ही साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि 110 ते 115 सेंटीमीटर पन्ह्याची असते. तिचे 80 सेंटीमीटर लांबीचे सहा तुकडे केले की त्यांत 480 सेंटीमीटर जातात आणि साधारण 70 सेंटीमीटरचा तुकडा उरतो. तो नाचणी बांधण्यासाठी बाजूला ठेवावा. प्रत्यक्षात जुनी साडी इतकी सरळ हिशेबात बसत नाही, कारण टाचेखाली येणारा भाग, फॉल लावलेली कड आणि निऱ्या खोचण्याची जागा आधी विरलेली असते. म्हणून साडी उजेडासमोर धरून विरलेले भाग पाहून घ्यावेत आणि ते तुकडे गोधडीच्या आतल्या थरांत घालावेत. दोन साड्या हाताशी असल्या तर निवड सोपी होते.

साडी पूर्ण सुती आहे ना, याची खात्री करून घ्यावी. तिचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मागे राख ठेवतो, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ होते. घाम शोषून घेणारे कापड हवे असल्यामुळे दुसऱ्या प्रकारची साडी कितीही मऊ लागली तरी घेऊ नये. पांढरा ओला रुमाल तिच्यावर दाबून रंग उतरतो का, तेही पाहावे, कारण सहा महिन्यांच्या मुलाच्या हातात जे येते ते तोंडात जातेच. जरीचा काठ उसवून काढावा. जरीने कोवळी कातडी खरचटते. साडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्यावरच कापायला घ्यावी, आणि वरच्या थरासाठी नवे कापड वापरण्याचा मोह झालाच तर तेही आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात नवे कापड आटते, जुने आटत नाही आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

गोधडीसाठी सहा तुकड्यांपैकी सर्वांत चांगले दोन वरचे आणि खालचे पांघरूण म्हणून ठेवावेत आणि मधल्या चार तुकड्यांच्या चारही कडा सुमारे दोन सेंटीमीटरने कापून ते लहान करावेत. मुंबई किंवा कोकणात राहणाऱ्यांना मधले दोनच थर पुरतात. देशावरच्या थंडीत फरशी गार पडते, तिथे चारही घालावेत. फरशी स्वच्छ पुसून खालचे पांघरूण उलट्या बाजूने अंथरावे, कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवावेत आणि एकेक थर पसरताना तळहाताने मधून कडेकडे निपटत न्यावे. शेवटी वरचे पांघरूण सुलट्या बाजूने घालून दोन्ही पांघरुणांच्या कडा एकमेकींकडे आत दुमडाव्यात.

आता कच्चे टाके. ते घालण्याचा कंटाळा येतो, पण सगळी गोधडी त्यांच्यावर उभी असते. हाताएवढे लांब टाके मधल्या बिंदूपासून चारी कडांकडे आणि चारी कोपऱ्यांकडे घालावेत, म्हणजे थरांमधली ढिलाई बाहेर निघून जाते. मी पहिल्या वेळी ही पायरी वगळून थेट कडेपासून शिवत आले, आणि आतल्या थरांचे जादा कापड पुढे पुढे सरकत जाऊन मधोमध एक फुगा तयार झाला. सासूबाई त्याला अजून उशीच म्हणतात.

पक्की शिवण साध्या धावदोऱ्याची असते. आपल्याकडच्या गोधडीत ती बहुधा बाहेरच्या कडेला सुरू होते आणि चौकोनात चौकोन अशी फिरत मध्यापर्यंत येते. यात एक सोय आहे, ती शिवताना कळते: पहिल्याच फेरीत कडा बंद होतात, त्यामुळे पुढे काम महिनाभर रेंगाळले तरी गोधडी उसवत नाही आणि अर्धवट असतानाही वापरता येते. टाका साधारण अर्धा सेंटीमीटर, दोन टाक्यांमधले अंतर तेवढेच आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन सेंटीमीटर ठेवावे. या हिशेबाने 76 बाय 108 सेंटीमीटरच्या गोधडीला सुमारे 41 मीटर शिवण लागते, म्हणजे चार हजारांवर टाके. आकडा ऐकून छाती दडपते, म्हणून तो रोजच्या मापात पाहावा: बाळाच्या सकाळच्या झोपेत एक मीटर शिवून झाले तरी सहा आठवड्यांत गोधडी पुरी होते.

दोरा जाड सुती घ्यावा किंवा रिळाचा साधा दोरा दुपदरी करावा. हाताच्या लांबीपेक्षा लांब घेतला की तो गुंततोच. दाभण वापरू नये, कारण जुन्या कापडाला त्याची भोके पडतात आणि पुढे तिथूनच ते फाटते. मध्यम जाडीची सुई आणि बोटात अंगुस्तान घातले की सहा थर सहज पार होतात. गाठ वर दिसू न देता थरांच्या आत ओढून घ्यावी, म्हणजे बाळाच्या बोटांना ती सापडत नाही.

सुयांविषयी एकच नियम, पण तो न मोडण्याचा आहे. बसताना किती सुया काढल्या ते मोजावे आणि उठताना तेवढ्याच परत डबीत गेल्या आहेत हे पाहावे. बाळ रडले म्हणून सुई गोधडीत टोचून धावत जाणे हा सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. सुईची डबी मांडीजवळच ठेवली तर सुई आत टाकायला दोन क्षण लागतात, आणि बाळ तेवढे थांबते. टाचण्या तर या कामात आणूच नयेत; कच्चे टाके घातल्यावर त्यांची गरज उरत नाही.

ही गोधडी बाळाने जागेपणी खेळण्यासाठी खाली अंथरण्याची आहे. वर्षाच्या आतील मूल झोपताना त्याच्या अंगावर जाड पांघरूण, भोवती उशा आणि लोड ठेवू नयेत, कारण ते तोंडावर आले तर त्याला बाजूला सारता येत नाही. बाळाला घट्ट, सपाट जागेवर उताणे झोपवावे आणि थंडीसाठी अंगात एक झबले जास्त घालावे. घरातली वडील माणसे प्रेमाने गोधडी गळ्यापर्यंत ओढतात, तेव्हा वाद घालण्यापेक्षा ती उचलून दुसऱ्या खोलीत नेणे मला सोपे वाटते.

आता उरलेल्या 70 सेंटीमीटरकडे वळू. हा तुकडा पाण्यात उकळून घ्यावा. अर्धा किलो नाचणी चार-पाच पाण्यांनी धुवावी आणि रोळून घ्यावी, म्हणजे बारीक खडे पातेल्याच्या तळाशी राहतात. नाचणीत तिच्याच आकाराचे आणि रंगाचे खडे असतात, ते निवडून सापडत नाहीत. रात्री भरपूर पाण्यात भिजत घालून सकाळी पाणी काढून टाकावे, नाचणी चाळणीत पूर्ण निथळावी आणि ओल्या फडक्यात सैलसर बांधून उबेच्या जागी ठेवावी. सकाळ-संध्याकाळ फडक्यावर पाणी शिंपडावे. उन्हाळ्यात चोवीस तासांत पांढरे मोड दिसतात, थंडीत छत्तीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. मोडांवर कापसासारखे तंतू दिसले की बुरशी आली अशी शंका येते. ती बहुधा मुळांची लव असते आणि पाणी शिंपडल्यावर चिकटून नाहीशी होते. पण आंबट किंवा कुबट वास आला, बोटाला चिकटपणा लागला किंवा हिरवट-काळे डाग दिसले तर सगळी नाचणी टाकून द्यावी. लहान मुलाच्या अन्नात काटकसर करू नये.

मोड आणण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर बाळाच्या पोटाच्या आकारात आहे. साध्या पिठाची पेज थोड्या पिठातच घट्ट होते, म्हणून ती पातळ करावी लागते आणि मूल पाण्यानेच तृप्त होते. मोड येताना धान्यात पिष्ट (स्टार्च) फोडणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात, त्यामुळे मोडाचे पीठ जास्त घातले तरी पेज गिळण्याजोगी राहते आणि तितक्याच घासांत बाळाला अधिक ऊर्जा मिळते. शिवाय लोहासारखी खनिजे धरून ठेवणारे फायटिक आम्लही कमी होते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि त्यातले बरेच कोंड्याच्या बाजूला असते. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून आणि निवळ ओतून केलेले पांढरट सत्त्व दिसायला देखणे आणि पचायला हलके असले, तरी त्यात मुख्यतः पिष्टच उरते. म्हणून मी गाळलेल्या सत्त्वापेक्षा मोडाचे चाळलेले पीठ पसंत करते.

मोड आलेली नाचणी दुसऱ्या कोरड्या सुती कापडावर पातळ पसरून उन्हात वाळवावी आणि वर विरळ कापड टाकावे. माघ ते चैत्रात एक-दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवावी लागते, आणि खरे तर पावसाळ्यात हे काम काढूच नये. दाणा दातांखाली कट्‌कन फुटला की वाळली असे समजावे. मग तळहातांमध्ये चोळून सुपात पाखडावी, म्हणजे वाळलेले मोड आणि फोलपटे उडून जातात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावी, पूर्ण गार करावी, मिक्सरमध्ये थोडी थोडी दळावी आणि मैद्याच्या चाळणीने चाळावी. गिरणीत पाठवायची असल्यास आधी गहू दळलेला नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण बाळाला पहिल्यांदा एकच धान्य देऊन ते मानवते का, हे पाहायचे असते. पीठ कोरड्या बरणीत भरावे आणि महिन्याभरात संपेल इतकेच करावे.

पेजेसाठी एक मोठा चमचा पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावे, मगच गॅसवर ठेवावे आणि मंद आचेवर पाच ते सात मिनिटे सतत ढवळत शिजवावे. पेजेला चकाकी आली आणि कच्चा वास गेला की ती झाली. खाली उतरवून वर थोडे साजूक तूप सोडावे. चमच्यातून पाण्यासारखी ओघळणारी पेज बाळाचे पोट भरत नाही. ती चमच्यावर टिकायला हवी. पहिल्या वर्षात मीठ, साखर आणि गूळ घालू नये, आणि मध तर मुळीच देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सुरुवातीला दिवसातून दोन वेळा दोन-तीन चमचे पुरेत. तीन दिवस दुसरे नवे काही न देता पुरळ, उलटी किंवा जुलाब होत नाहीत ना, हे पाहावे. नंतर मऊ शिजवून कुस्करलेली मुगाची डाळ, लाल भोपळा, केळे अशी भर घालत जावे. वरणाचे नुसते वरचे पाणी देण्यात अर्थ नाही, डाळ तळाशीच राहते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल किंवा वजन कमी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी.

पेज गोधडीवर सांडणारच. नाचणीचा डाग वाळला की कडक होतो, म्हणून तो ओला असतानाच गार पाण्याने पुसावा. गोधडी धुताना पिळू नये. बादलीत बुडवून दाबून काढावी आणि दोन दोऱ्यांवर आडवी टाकावी, म्हणजे ओल्या वजनाने टाके ताणले जात नाहीत. सहा थरांना वाळायला पूर्ण दिवसाचे ऊन लागते, तेव्हा नाचणी पसरण्याच्या दिवशी गच्चीवर तिच्यासाठीही जागा राखून ठेवावी.