खोटा स्क्रेप करताय? आधी फांदी बघा

अमेरिकेत व्हाइटटेल हरणांच्या शिकारीच्या सीझनमध्ये शिकाऱ्यांचं ठरलेलं रडगाणं: कॅमेऱ्यात दांडगा नर दिसतो, पण स्टँडच्या (शिकाऱ्याच्या मचाणाच्या) टप्प्यात फिरकत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्याच्यासाठी खोटा स्क्रेप करून ठेवा. स्क्रेप म्हणजे लोंबत्या फांदीखाली नराने माती खरवडून आपला वास सोडलेली जागा; तशीच आपण हाताने करायची.

1. हरणांच्या पायवाटेवर, स्टँडपासून 20 यार्डांच्या आसपास, जमिनीपासून 4-5 फुटांवर लोंबणारी फांदी शोधा. नसेल तर दुसरी आणून झिप टायने बांधा.
2. तिचं टोक मोडून जरा चुरगळा. खरी मेख इथेच आहे. नर कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी याच टोकावर घासतो. माद्याही हुंगून जातात.
3. खालचा दोन-तीन फुटांतला पाला काठीने खरवडून माती उघडी करा.

हे सगळं रबरी बूट आणि हातमोजे घालूनच, म्हणजे आपला वास मागे राहत नाही. वासासाठी बाटलीत मिळणाऱ्या हरणाच्या महागड्या मूत्रावर मी पैसे घालवत नाही. फांदी जमली की हरणंच स्वतःचा वास सोडतात. शिवाय सीडब्ल्यूडी या हरणांच्या जीवघेण्या मेंदूच्या रोगामुळे काही राज्यांत खऱ्या मूत्रावर बंदी आहे, तेव्हा आपल्या राज्याचे नियम आधी वाचा.

नर बहुतेक रात्रीच येतो. तो उजेडातही यावा म्हणून जागा दाट झाडीलगत निवडा, उघड्या शेताच्या बांधावर नको.