मेंबर रेट आणि साडेसात हजारांची रेघ

शहरात मोक्याच्या जागी हॉटेल घेतलं की खोलीचं भाडं नेमकं साडेसात हजारांच्या आसपास घुटमळतं आणि बिल बघून पोटात गोळा येतो. कारण रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के (२२ सप्टेंबर २०२५ पासून), त्यावर एक रुपया गेला की पूर्ण भाड्यावर १८.

परवा अंधेरीला मेट्रोजवळ खोली बघत होतो. दर ७,८००, करासकट ९,२०४. त्याच हॉटेलच्या ॲपवर लॉगिन केलं, मेंबर म्हणून ५ टक्के सूट मिळून भाडं ७,४१० झालं. करासकट ७,७८० आणि वर पन्नास पैसे. सूट ३९० ची, वाचले चौदाशेच्या वर!

१. हॉटेल चेनचं (एकाच ब्रँडच्या अनेक हॉटेलांचं) सभासदत्व सहसा फुकट असतं, आधी ते घ्या.
२. बुकिंग चेनच्याच ॲपवर किंवा साइटवर करा. दुसऱ्या ट्रॅव्हल साइटवरून केलं तर सहसा सभासदांना मिळणारे पॉइंटही मिळत नाहीत.
३. दर बघताना ‘करासकट’ आकडाच बघा.
४. नाश्ता धरलेला दर टाळा. नाश्त्याची रक्कम भाड्यात मिसळली की आकडा रेघेपलीकडे जातो. खाली उडप्याकडे इडली-वडा आणि फिल्टर कॉफी असतेच की.

एक सांभाळा: मेंबर रेट कधीकधी ‘नॉन-रिफंडेबल’ असतो. तारीख पक्की नसेल तर रद्द करण्याची अट वाचूनच पैसे भरा.