सीझर लिफ्ट कुरकुरायला लागली की होणाऱ्या या चुका टाळा

“काल संध्याकाळपर्यंत ठीक होती, आज एकदम बंद पडली.” सीझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या आर्मवर माणसांचा प्लॅटफॉर्म उचलणारं मशीन; तिच्या दुरुस्तीला गेलं की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दोन-चार प्रश्न विचारले की मग हळूच बाहेर येतं: तसा आठवडाभर वर जाताना आवाज यायचा, खाली आणताना झटका बसायचा, पण काम भागत होतं. म्हणजे लक्षण दिसलं होतं. त्याचा अर्थ लावला गेला नाही, किंवा भलताच लावला गेला आणि नको तो भाग खोलला गेला.

वर जाणं आणि खाली येणं यांना एकच काम समजणं

बहुतेक सीझर लिफ्टमध्ये वर जायला मोटर, पंप आणि बॅटरी लागते. खाली येताना पंप चालतच नाही. डाउन व्हॉल्व्ह उघडतो, प्लॅटफॉर्म स्वतःच्या वजनाने बसत जातो आणि सिलेंडरमधलं ऑइल टाकीत परत येतं. एवढं डोक्यात पक्कं असेल तर निम्मं निदान उभ्या उभ्या होतं. वर जायला वेळ लागतोय पण खाली नेहमीसारखी येतेय, तर बॅटरी आणि पंपाच्या बाजूला बघा. वर झरझर जातेय आणि खाली येताना रेंगाळतेय, तर डाउन व्हॉल्व्हकडे वळा. दोन्हीकडे झटके बसतायत, तर ऑइलमध्ये हवा शिरली असेल किंवा कात्रीच्या पायाशी सरकणारे वेअर पॅड (झीज सोसणारे तुकडे) कचऱ्याने अडत असतील.

लिफ्ट हळू वर जातेय म्हटल्यावर थेट पंप काढणारे मी बरेच पाहिलेत. बॅटरीवर चालणाऱ्या मशीनमध्ये आधी मीटर लावायचा. ६ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट, ही नेहमीची मांडणी. पूर्ण चार्ज होऊन काही तास शांत राहिलेल्या लेड-ॲसिड सेटवर साधारण २५.४ व्होल्ट दिसायला हवेत. पण खरी परीक्षा लोडवर होते. कुणाला तरी लिफ्ट वर न्यायला सांगा आणि त्याच वेळी चारही बॅटऱ्यांचे व्होल्ट एकेक करून बघा. तिघी जेमतेम हलल्या आणि चौथी धाडकन खाली आली, तर चोर सापडला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर पंप कितीही नवा असला तरी उपयोग नाही.

डिस्टिल्ड वॉटरचंही तसंच. ते चार्जिंग झाल्यावर भरायचं. आधी काठोकाठ भरलं की चार्ज होताना ॲसिड उतू जातं आणि खालचा ट्रे गंजतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच घाला.

प्लॅटफॉर्म वर असताना ऑइल बघणं

ही चूक इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते, तरी सगळीकडे होते. प्लॅटफॉर्म वर असताना बरंच ऑइल सिलेंडरमध्ये असतं. अशा वेळी टाकी बघितली की कमी दिसणारच. कुणीतरी वरून ओततो आणि मग लिफ्ट खाली येताना ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवा ये-जा करणाऱ्या झाकणातून, ऑइल बाहेर. त्यावर निदान काय, तर ‘टाकी गळतेय’. लिफ्ट पूर्ण खाली, जमीन सपाट, मग पातळी बघायची.

पातळीइतकंच ऑइलचं रूपही बघा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. फेस असेल तर हवा. काळपट आणि जळका वास असेल तर ते बराच काळ जास्त तापलंय. पंपाचं कण्हणंही ऐकून ओळखता येतं. थंड सकाळी दोन-चार मिनिटं कण्हून गप्प झाला, तर ऑइल घट्ट झालं होतं, एवढंच. दिवसभर कण्हत राहिला तर त्याला ओढायला पुरेसं ऑइल मिळत नाहीये: पातळी कमी आहे, सक्शनची जाळी चोंदलीये किंवा सक्शनच्या जोडातून हवा शिरतेय. असाच चालवत राहिलात तर पंप आतून खाऊन टाकला जातो.

आणि एक गोष्ट. होजवर, म्हणजे ऑइलच्या लवचिक नळीवर, ओल दिसली म्हणून हात फिरवून छिद्र शोधू नका, हातमोजा घालूनही नाही. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने येणारी ऑइलची धार कातडीत घुसते. वरून फक्त ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत ऑइल पसरत राहतं. तसं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि ऑइल टोचलं गेलंय हे तिथे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, डाग तिथेच उमटतो.

‘थोडी बसतेच’ म्हणून सोडून देणं

रिकामी लिफ्ट अर्ध्या उंचीवर उभी करा. बाजूला राहून प्लॅटफॉर्मच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. दिवसभर काम करून तापलेलं ऑइल थंड होताना किंचित आकसतं, त्यामुळे थोडासा फरक पडू शकतो. पण नजरेला दिसेल एवढी बसत असेल तर ऑइल कुठून तरी परत टाकीकडे झिरपतंय. इथे लोक सिलेंडर उतरवून सील बदलायला घेतात आणि दोन दिवस घालवतात. आधी इमर्जन्सी लोअरिंगची, म्हणजे अडकलेली लिफ्ट खालून हाताने उतरवायची, नॉब किंवा केबल बघा. ती पूर्ण मागे गेली नसेल तर व्हॉल्व्ह कणभर उघडाच राहतो. मग डाउन व्हॉल्व्ह काढून त्याच्या बैठकीवर कचरा अडकलाय का ते बघा. सिलेंडरचा नंबर शेवटचा.

मात्र यातलं काहीही खोलायच्या आधी लिफ्ट पूर्ण खाली घ्या. वर ठेवूनच काम करावं लागणार असेल तर प्लॅटफॉर्म रिकामा, सेफ्टी प्रॉप (कात्री मिटू न देणारा आधार) जागेवर लावलेला, बॅटरी तोडलेली. होज फुटली तरी लिफ्ट कोसळू नये म्हणून सिलेंडरवर होल्डिंग व्हॉल्व्ह असतो, हे खरं. पण तोच व्हॉल्व्ह तुम्ही खोलत असाल तर वरचं वजन कशावर उभं राहणार?

कुरकुरणाऱ्या पिनवर स्प्रे मारणं

आवाज आला की स्प्रे, हा हात आपोआप जातो. कित्येक लिफ्टमध्ये आर्म जोडणाऱ्या पिनांना ग्रीस भरायचा निपल नसतो, कारण पिनभोवतीचे बुश (झीज घेणारी नळकांडी) बिनग्रीसचे असतात. तिथे तेल मारलं की धूळ चिकटून घोटण्याचा लेप तयार होतो. आवाज दोन दिवस दबतो, झीज वाढते.

त्याऐवजी टॉर्च घेऊन पिनांच्या कडा बघा. तांबूस-तपकिरी भुकटी बाहेर आली असेल तर तिथे लोखंडावर लोखंड घासतंय, बुश संपलाय. प्रत्येक पिनचं टोक आणि बाजूची आर्म यांवरून पेंटने एक सरळ रेघ ओढून ठेवायची माझी सवय आहे. महिन्याभराने रेघ तुटून सरकलेली दिसली की पिन फिरतोय, म्हणजे त्याला अडवणारा बोल्ट तुटलाय किंवा ढिला झालाय. मीटर नको, लॅपटॉप नको.

वेल्डिंगजवळ रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंज पाझरलेला दिसला तर तो तडा आहे असंच धरून चाला. ‘एक टाका मारून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. आर्मचं पोलाद कोणतं, वेल्ड कसा घ्यायचा हे कंपनीकडून कळल्याशिवाय तिथे वेल्डिंग करायचं नाही.

पूर्ण उंचीवर लिफ्ट थोडी डुलतेच. पण ती एकाच बाजूला कलत असेल, किंवा मागच्या महिन्यापेक्षा जास्त डुलत असेल, तर पॅड, बुश आणि आर्म तपासा.

अडवणाऱ्या स्विचलाच गप्प करणं

सगळ्यात वाईट चूक हीच, कारण ती करणाऱ्याला आपण दुरुस्ती केली असं वाटतं. लिफ्ट वर असताना पुढे-मागे चालेना, म्हणून पॉटहोल गार्डचा लिमिट स्विच केबल टायने बांधलेला मी स्वतः सोडवलाय. गार्ड खाली न येण्याचं कारण काय होतं? त्याच्या सांध्यात वाळलेलं सिमेंट. खरवडायला वीस मिनिटं लागली. चाक खड्ड्यात गेलं तर लिफ्ट कलंडू नये म्हणून तो गार्ड चासीखाली असतो. स्विच बांधला की मशीनला वाटतं गार्ड खाली आहे.

लिफ्ट कलली की वाजणाऱ्या टिल्ट अलार्मबद्दलही अशीच तक्रार असते, ‘उगाच वाजतो’. बऱ्याच इलेक्ट्रिक लिफ्टमध्ये आडव्या बाजूला १.५ अंशाच्या आसपास मर्यादा असते, नक्की आकडा मशीनच्या प्लेटवर बघा. दीड अंश ऐकायला काहीच नाही. १० मीटर उंचीवर तेवढ्या कलाने प्लॅटफॉर्म सुमारे २६ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. अलार्म वाजला की आधी खाली या, मग चासीवर लेव्हल ठेवून बघा. चासी खरोखर सपाट असूनही वाजत असेल, तरच सेन्सरवर संशय घ्या.

वजन घेऊन वर जात नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू अर्धा आटा आवळून देणंही याच जातीचं. दाब वाढतो, लिफ्ट उचलते, ऑपरेटर खूश. पण आता क्षमतेपेक्षा जास्त वजन चढलं तरी लिफ्ट नाही म्हणणार नाही, आणि होज, पिन, आर्म तो ताण मुकाट्याने घेत राहतील. तो व्हॉल्व्ह गेज लावून, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच सेट करायचा.

मशीन ओढून न्यायला ब्रेक मोकळे केले असतील तर ते तसेच राहिले नाहीत ना, हेही एकदा बघून घ्या.

इमर्जन्सी लोअरिंग कधीच न वापरणं

रोज सकाळी रिकामी लिफ्ट मीटरभर वर न्या आणि खालून ती नॉब ओढा. प्लॅटफॉर्म सावकाश, न अडखळता खाली आला पाहिजे. केबल गंजून अडकली असेल तर त्या दिवशी त्या लिफ्टवर कुणी चढायचं नाही. आणि नॉब कुठे आहे हे खाली उभ्या असणाऱ्या माणसाला माहीत हवं. वर अडकलेल्याचा हात तिथपर्यंत पोचत नसतो.